पुढे भाऊजी, मागे मी

४ मार्च

हंगामातली पहिली टोळी आज येऊन गेली. गरम पाण्यात पाय सोडून बसले आहे. मागच्या वर्षीच लिहायचं ठरवलं होतं, जमलं नाही. यंदा लिहायला घेतलं, कारण बोलायला कुणी नाही. भाऊजी हल्ली तोंड उघडतात ते पाहुण्यांपुढेच.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहतात, जेवायला पुढे येतात. आमच्या ह्यांनी आणि त्यांनी मिळून हा फिरवण्याचा उद्योग काढला. शहरातली माणसं सकाळच्या बसने येतात. त्यांना खेचरांच्या जुन्या वाटेने खिंडीपर्यंत न्यायचं, वाटेतलं जुनंपुराणं दाखवायचं, जेवू घालायचं आणि संध्याकाळी परत बसमध्ये कोंबायचं. एके काळी या वाटेने मीठ वर जायचं आणि लोकर खाली यायची. आता दोन्ही ट्रकमधून जातं. वाटेने जाते ती नुसती हौस.

हा मुलूख कुणाला फारसा ठाऊक नाही. नकाशात नदी आहे, खिंड आहे, आणि आमची वस्ती म्हणजे छपाईच्या वेळी शाई उडाल्यासारखा एक ठिपका. मी इथे लग्न होऊन आले तेव्हा वडील म्हणाले होते, हवा चांगली आहे. हवा चांगलीच आहे. तिच्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

हे गेले तेव्हा वाटलं होतं, उद्योग आपोआप बंद पडेल. पडला नाही. भाऊजी पुढे चालायला लागले, आणि शेवटी कुणीतरी हवं म्हणून मी. टोळीचं शेपूट. जो दमला त्याची पिशवी, जिला बूट चावला तिची पट्टी, ज्याला मध्येच झाडामागे जायचंय त्याच्यासाठी पाठ करून उभं राहणं, हे सगळं माझ्याकडे. गेली दोन वर्षं या मुलखातलं मी काय पाहते, तर लोकांची ढुंगणं. लिहायला बरं नाही, पण खरं आहे.

मघाशी लेकीचा फोन. "आई, किती दिवस दगड चढणार आहेस? खोली तयार आहे तुझी." म्हटलं, हा हंगाम उरकला की येते. कायमची येते. तिला सांगून टाकलं. भाऊजींना अजून नाही.

९ मार्च

भाऊजींनी नवीन नाटक सुरू केलंय.

वाटेत तो दगडी पूल लागतो, चुना न लावता नुसते दगड अडकवून बांधलेला. प्रत्येक गवंड्याने आपापल्या दगडावर खूण कोरून ठेवली आहे. कुणाची मासोळी, कुणाची शिडी, एकाची फणी. आमचे हे काठीने एकेक खूण दाखवायचे, गवंड्यांच्या गोष्टी सांगायचे. आज भाऊजी म्हणाले, "डोळे मिटा. हात ठेवा दगडावर. सापडते का बघा." आणि सगळी शहाणीसुरती माणसं डोळे मिटून पूल चाचपत उभी! एका बाईंना फणी सापडली, तर त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हणे, मेलेल्या माणसाशी हातमिळवणी केल्यासारखं वाटलं.

पक्ष्यांचंही तेच. पूर्वी भाऊजी नुसते "तो बघा, तो बघा" करायचे, मान दुखायची माणसांची. आता "बघा" नाही, "ऐका". लोक कानामागे हात धरून उभे राहतात. मी मागे दोन पिशव्या घेऊन उभी.

खिंडीखालच्या उतारावर पिवळी फुलं इतकी फुललीत की डोंगराला कुणी हळद लावलीय असं वाटावं. मी पुढे जाऊन हळूच म्हटलं, "भाऊजी, ती फुलं तरी दाखवा की लोकांना."

"दिसतातच की त्यांना. दाखवायचं काय त्यात?"

तोंडात मारल्यासारखं झालं. गुपचूप मागे आले. ह्यांना हे डोळे मिटण्याचे खेळ मुळीच आवडले नसते. पण लोक खूश आहेत. पुढच्या महिन्याच्या जागा भरत आल्या.

१५ मार्च

माणूस म्हातारपणी तिरसट होतो हे ऐकून होते. पण भाऊजी? सगळ्या घरात तेच एक मऊ होते.

परवा टपालवाली रस्त्यात समोरून हसत आली, हात केला. हे महाराज तिच्या अंगावरून सरळ निघून गेले. ती मला विचारते, "काही चुकलं का माझं?" मी काय सांगणार कपाळ! त्यांना विचारलं तर म्हणाले, "विचारात होतो."

चहा ओतला तर अर्धा कपात, अर्धा टेबलावर. पुसायचं नावही नाही. येणाऱ्या पाहुण्यांचे निरोप फोनवर येतात, तर फोन माझ्यापुढे सरकवतात. "तुम्हीच वाचा वहिनी, चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे." चष्मा खिशात होता. दाखवला. "अरे हो," म्हणाले आणि पुन्हा खिशातच ठेवला.

पण आजचं जिव्हारी लागलं. अंगणातलं बाक उन्हात तापतं म्हणून मी सावलीला ओढून ठेवलं. भाऊजी बाहेर आले आणि बाकाला नडगी अशी आपटली की मलाच कळ आली. मी धावले, तर ओरडले, "वस्तू जिथल्या तिथे राहू द्या! किती वेळा सांगायचं?"

एकदाही सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नव्हता. बाक पुन्हा उन्हात ओढून ठेवलं, स्वयंपाकघरात येऊन रडले. मग रडल्याचाच राग आला. घर त्यांच्या वडिलांचं. बाक त्यांचं. मी कोण?

२१ मार्च

सांगितलं एकदाचं. जेवण झाल्यावर म्हटलं, "भाऊजी, हा हंगाम संपला की मी लेकीकडे जाणार आहे. राहायलाच."

मला वाटलं होतं, गप्प होतील. निदान हातातला पेला खाली ठेवतील. लगेच म्हणाले, "जा ना. कधीच जायला हवं होतं तुम्ही."

"शेपटाला कोण मग?"

"बघू."

"आणि जेवणाचं?"

"मला येतं थोडंफार." मग जरा थांबून म्हणाले, "मेअखेर म्हणजे लांब आहे. आधी गेलात तरी चालेल. माझी काळजी करू नका."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. काळजी कोण करतंय! या माणसाच्या आजारपणात मी लेकीची परीक्षा सोडून उशाशी बसले होते. आता आधी गेलात तरी चालेल. बरं. जाईन. पण मेअखेरच जाईन, एक दिवस आधी नाही. इथली भांडी घासताना मी कुणाच्या अडचणीत येत असेन तर येऊ दे.

पाय फार दुखतात. आणि पाय दुखतात असं म्हणताना कधी कधी वाटतं, पाय नाहीतच दुखत, दुसरंच काही दुखतंय. पण मलम पायालाच लावता येतं.

२ एप्रिल

प्रवासाचं एक मोठं मासिक आहे, त्यातल्या बाईंचा फोन आला. अपरिचित मुलखांवर लेखमाला लिहितात. खेचरवाट, पूल, आणि मुख्य म्हणजे शिट्ट्या, यांवर लिहायचंय. १९ तारखेला येणार. मी हरखले, म्हटलं ह्यांना किती बरं वाटलं असतं. भाऊजी म्हणाले, "येऊ दे." एवढंच.

शिट्ट्यांचं असं आहे. दरी इतकी खोल की पलीकडच्या उतारावर जायला अर्धा दिवस. हाक मारली तर दरीतच विरते. म्हणून इथले मेंढपाळ शिट्टीत बोलायचे. नुसत्या खुणा नाहीत, चांगली वाक्यं. मेंढी हरवली, बाई अडली, वाटेवर परका माणूस आहे, सगळं. आता समोरच्या उतारावरचा एक म्हातारा मेंढपाळ आणि आमचे भाऊजी एवढेच उरले. मी कधी शिकले नाही. ह्यांनी शिकवायचा प्रयत्न केला, तर नुसती फूऽ फूऽ हवा निघायची आणि दोघे भाऊ पोट धरून हसायचे.

खिंडीत पोचलं की भाऊजी तोंडात बोटं घालतात. पलीकडून उत्तर येतं. पाहुणे टाळ्या वाजवतात. मग भाऊजी सांगतात, "आजोबा म्हणतात, तुमचं स्वागत आहे, वाट तुमची आहे, वारा तुमचा आहे." लोक गहिवरतात. मी एकदा म्हाताऱ्याला बाजारात गाठून विचारलं, खरंच काय म्हणता हो? तर म्हणाला, "काय म्हणणार? गुडघा दुखतोय, लवकर आटप."

१३ एप्रिल

चार-पाच दिवस पाऊस. सगळ्या टोळ्या रद्द. दुपारी दोन-दोन तास झोपले. उठावंसंच वाटेना. असंच पडून राहायला मिळालं तर मला स्वर्ग-बिर्ग काही नको.

सकाळी रस्त्याचा मुकादम येऊन सांगून गेला की जुन्या कोळसा-भट्ट्यांच्या वरच्या वळणावर वाटेचा कठडा ढासळलाय. वाटच गेली तिथली. त्याने वाटेत आडवी फांदी टाकलीय आणि झुडपाला लाल फडकं बांधलंय. तिथून वर वळायचं, झाडीतून, आणि पुढे पुन्हा वाटेला लागायचं.

भाऊजींना सगळं सांगितलं. म्हटलं, पाऊस थांबला की दोघं जाऊन बघून येऊ.

"मी बघून येतो. तुम्ही कशाला?"

गेले एकटे. परत आले ते गुडघे चिखलाने भरलेले, तळहात खरचटलेले. लहान मूल रांगून आल्यासारखे. म्हटलं, हे काय? म्हणाले, "घसरलो. पण फांदी सापडली. काठीला लागते बरोबर. तिथून वर वळायचं. कळलं मला."

म्हटलं, फांदी सापडायला ती काय हरवली होती? हसले नाहीत.

१९ एप्रिल

आज लिहिता येणार नाही. भाऊजी कड्यावरून पडले. जिवंत आहेत.

२१ एप्रिल

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिते आहे. खालच्या शहरातलं हे हॉस्पिटल. लेक काल येऊन गेली. भाऊजी झोपलेत. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

त्या दिवशी सकाळपासून धुकं. मासिकवाल्या बाई भाऊजींच्या मागोमाग. सतत काही ना काही विचारत होत्या. भाऊजींचा एक नियम आहे, कुणीही माझ्या पुढे जायचं नाही, दोन पावलं मागेच राहायचं. मला वाटायचं, मिरवायची हौस. मी शेवटी. एका गृहस्थांच्या बुटाचा तळ निघाला होता, तो दोरीने बांधत होते. तेवढ्यात पुढून किंकाळी आली.

बूट टाकून धावले. माणसं वळणावर एकमेकांना धरून उभी. बाई मटकन खाली बसलेल्या. "ते सरळच गेले हो. फडकं होतं ना तिथे, मला वाटलं थांबतील... सरळच गेले."

फडकं होतं. झुडपाला, डोळ्यांसमोर येईल असं, चांगलं हातभर. फांदी मात्र नव्हती. कुणीतरी सरपणाला ओढून नेली असावी. पुढे वाट नाही, नुसतं पांढरं धुकं.

मी हाक मारली. पुन्हा मारली. काही नाही.  मनात आलं ते लिहिते: मनात आलं, की आता या घरातलं मला वहिनी म्हणणारं कुणी उरलं नाही.

आणि मग खालून शिट्टी आली.

नेहमीची नव्हती. तुटकी, श्वास पुरत नसल्यासारखी. थांबली, पुन्हा आली. आणि पलीकडून, धुक्यातून, उत्तर. लगेच. लांबलचक. माझ्या शेजारच्या माणसाने सवयीने टाळ्या वाजवायला हात उचलले होते, ते तसेच खाली घेतले.

पाहुण्यांना म्हटलं, इथून कुणी हलायचं नाही. मी झुडपं धरून, बसून, घसरत खाली उतरले. कसं ते आता आठवत नाही. साडी कुठे फाटली, कोपर कुठे सोललं, काही कळलं नाही. खाली भट्ट्यांच्या जुन्या ओट्यावर भाऊजी टेकून बसलेले. उजवा हात भलत्याच दिशेला. कपाळातून रक्त. पण बसलेले, श्वास घेत असलेले.

आणि मी काय करावं? मी ओरडले. भीतीचा सगळा राग झाला. "एवढं थोरलं लाल फडकं बांधलंय तिथे! दिसलं नाही तुम्हाला?"

"नाही दिसलं, वहिनी."

"आंधळे आहात का?"

 त्यांनी माझा आवाज जिकडून येत होता तिकडे तोंड केलं, माझ्याकडे नाही, जरासं बाजूला, आणि म्हणाले, "जवळजवळ."

पुढे म्हातारा मेंढपाळ आला, खालच्या अंगाने, जावयाला आणि दोराला घेऊन. भाऊजींना घोंगडीत घालून उतरवलं. म्हातारा सगळा वेळ त्यांना शिव्या देत होता. इतक्या प्रेमाने शिव्या दिलेल्या मी ऐकल्या नव्हत्या.

२४ एप्रिल

हात जुळेल. डोळे नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काल समजावून सांगितलं. समोरचं, मधलं सगळं गेलंय. कडेकडेचं थोडं धुरकट दिसतं. म्हणजे माणूस समोर उभा असला तर नाहीच, बाजूने गेला तर सावली. उपाय नाही. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही एका घरात राहता ना? लक्षात नाही आलं?"

 टपालवाली, चहा, चष्मा, बाक. सगळं माझ्याच हाताने याच पानांवर लिहिलंय. कालपासून मागची पानं उघडायची हिंमत होत नाही.

भाऊजींनी आज सांगितलं सगळं. आमचे हे असतानाच सुरू झालं होतं. हेच त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले होते, मला म्हणाले होते, दोराचं सामान आणायला चाललोय. म्हणूनच शेवटची काही वर्षं हे कायम पुढे चालायचे आणि भाऊजी त्यांच्या मागोमाग. मी त्यावरून ह्यांच्याशी भांडले होते. म्हटलं होतं, सारखं आपणच काय पुढे, धाकट्याला कधी मान देणार? हे म्हणाले होते, "त्याला मागेच आवडतं." मी दोन दिवस अबोला धरला होता.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"दादा म्हणाला होता सांगू या. मीच नको म्हटलं. मग दादा गेला. मग तुम्ही लेकीकडे जायचं म्हणालात. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही गेला नसता."

"म्हणून हाकलत होतात मला?"

"वेळेत गेलात तर बरं, असं वाटत होतं. तुम्हाला कळायच्या आत."

"आणि मी गेल्यावर काय करणार होतात?"

"वाट पाठ होती."

"चूल?"

"तीही होती पाठ. बाक हलवलं नाही कुणी, तर घरही."

 इतका राग आलाय दोघा भावांचा. पण एक जाऊन बसला वर आणि दुसरा प्लॅस्टरमध्ये. भांडायचं कुणाशी? उठून संत्री सोलत बसले. एकेक फोड त्यांच्या हातात दिली. हातात, टेबलावर नाही.

३० एप्रिल

घरी आणलं. आल्या आल्या ते अंगणात गेले, बाकाच्या कडेला हात लावून बघितला आणि बसले. तेव्हा मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की आत निघून आले.

मासिकवाल्या बाईंचा फोन. तब्येत विचारली, मनापासून विचारली. मग म्हणाल्या, आता लेख वेगळाच लिहायचाय, डोळ्यांवाचून मुलूख दाखवणाऱ्या माणसावर. वाचकांच्या काळजाला हात घालेल. मी म्हटलं, पुलावर लिहा, वाटेवर लिहा, म्हाताऱ्याच्या शिट्टीवर लिहा, तो अजून आहे. भाऊजींवर लिहायचं तर त्यांना विचारा. फोन त्यांच्या कानाला लावला. ते नुसतं म्हणाले, "नको बाई. लोक मग डोंगर सोडून मलाच बघायला येतील."

बाई हिरमुसल्या, पण समजल्या बहुतेक.

सगळ्या टोळ्यांना येऊ नका म्हणून कळवलं. लेक म्हणते, आता तरी ये. मी म्हटलं, आणि काका? ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "काकांनाही आण. बाहेरच्या खोलीत सोय करू." त्या क्षणभराचा मला राग आला नाही. तिचं घर किती मोठं आहे ते मी पाहिलंय. तरी म्हणाली, हेच खूप.

८ मे

एका टोळीला निरोप पोचलाच नव्हता. सुतारकाम शिकवणाऱ्या शाळेतली मास्तरमंडळी, सकाळच्या बसमधून खाली उतरून दारात उभी. मी हात जोडून सांगणार, परत जा, तर अंगणातून आवाज आला, "वहिनी, पुलापर्यंत नेऊ या. पुढे नको. कठडा अजून बांधला नाही."

"कोण नेणार?"

"तुम्ही पुढे. मी तुमच्या मागे."

काय करणार? गेले. भाऊजींचा डावा हात माझ्या खांद्यावरच्या पिशवीच्या पट्ट्याला. प्लॅस्टरचा हात गळ्यात. मागून मास्तरमंडळी.

पुढे चालणाऱ्याच्या तोंडावर कोळ्याची जाळी येतात, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. चालता चालता थू थू करत होते. समोर कुणाची पाठ नाही, सगळी वाट एकदम अंगावर येते. कुठे बघायचं कळेना. त्यात भाऊजी मागून हळूच, "काय दिसतंय?"

"झाडं."

"कसली?"

"हिरवी."

"बरं. आणि?"

"अहो, मला चालू द्या की! पायाखाली बघू का झाडं बघू?"

मागे एक मास्तर खुदकन हसले. पुलाशी पोचल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "हा पूल. दगडाचा. जुना आहे." पुढचं सुचेना.  मग भाऊजींनी सुरुवात केली आणि मी कठड्यावर टेकले. सुतार माणसं, त्यांना डोळे मिटा सांगावं लागलं नाही. त्यांनी आपसूकच दगडांच्या सांध्यांवर बोटं फिरवायला सुरुवात केली, आपसात वाद घालायला लागले, हा दगड आधी बसवला की तो. भाऊजी त्या वादात रमून गेले. मीही ऐकत होते. पहिल्यांदाच ऐकत होते बहुतेक, कारण दर वेळी मी पोचेपर्यंत गोष्ट संपलेली असायची.

घरी येऊन इतकी दमले की जेवण न करताच आडवी झाले. भाऊजींनी पाव कापला. वेडावाकडा, पण कापला. उठवून दिला.

१७ मे

आज दुपारी बोलणं झालं. टाळत होतो दोघंही.

मी म्हटलं, "मी ठरल्याप्रमाणे मेअखेर जाणार आहे."

"जा. मी म्हटलंच होतं. माझ्यासाठी राहिलात तर मला ते सोसणार नाही, वहिनी. दया नको."

"दया कसली डोंबलाची! मी दमलेय. मला झोपायचंय. दोन महिने कुणी चहा हातात आणून दिला तर प्यायचाय. आणि तुम्हीही चला. इथे एकट्याला ठेवून गेले तर तिथे मला झोप लागायची नाही, म्हणजे माझंच नुकसान."

"मी येऊन काय करू? अनोळखी गाव, अनोळखी घर. मला काय दिसणार तिथे?"

"मग इथे तरी काय दिसतंय तुम्हाला?"

तोंडातून निसटलं. निसटलं आणि मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांना काय दिसणार ते झाकलेलं. 

 भाऊजींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते. असे हसले की प्लॅस्टरचा हात बाकावर आपटला, "आई गं" म्हणाले आणि पुन्हा हसले. मला आधी भीती वाटली, मग मलाही आवरेना. हे गेल्यापासून या अंगणात कुणी असं हसलं नव्हतं. डोळे पुसत म्हणाले, "बरोबर आहे. काही फरक पडणार नाही."

"परत यायचं की नाही ते तिथे बसून ठरवू," मी म्हटलं. "आलो तर आठवड्यातून दोनच टोळ्या, तेही पुलापर्यंत. पुढे मी. आणि जाळी तुम्ही काढायची."

"ती कशी काढू मागून?"

"ते तुम्ही बघा."

"बघतो," म्हणाले.

२९ मे

उद्या निघायचं. कोंबड्या मेंढपाळाच्या लेकीकडे सोडल्या. म्हातारा निरोप घ्यायला आला, बराच वेळ बसला, गुडघ्याबद्दल सांगून गेला. जाताना भाऊजींना म्हणाला, तू नाहीस तर मी बोलू कुणाशी?  तो नदीपलीकडे पोचेपर्यंत भाऊजी अंगणात थांबले आणि मग तोंडात बोटं घालून लांबलचक काहीतरी वाजवलं. काय म्हणालात, विचारलं. "त्याला सांगितलं, त्याचं त्याला," म्हणाले. मीही पुढे विचारलं नाही.

सामान बांधून झालंय. लेकीने बसच्या दोन जागा शेजारी-शेजारी धरल्यात. भाऊजी म्हणतात, "खिडकी तुम्ही घ्या. मला काय उपयोग?"

मी म्हटलं, मलाही नको. मी झोपणार आहे.